भरलेली गाडी सोडायची नसते

आमच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली एक छोटा ट्रक उभा आहे. त्याच्या पाठीवर पत्र्याची खोली, खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आणि एका खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा. पनवेलच्या आमच्या भागात आता जिकडे तिकडे टॉवर झालेत, अंगण असलेली घरं शोधावी लागतात, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत तो ट्रक भरतोच. तरुण मुलं फाटक वाजवतात. "काकू, कॅम्पर आहे ना हा? कुठे बनवून घेतलात? आम्हाला लडाखला जायचंय." मी त्यांना चहा देते आणि सगळं सांगते. वजन कुठे ठेवायचं, पाणी कुठे, गॅस कुठे. कशासाठी केला होता हे कुणी विचारत नाही, आणि मीही आपणहून सांगत नाही. इथे दोन्ही सांगते, कारण एकाशिवाय दुसऱ्याला काही अर्थ नाही.

माझे यजमान हिराजी. समोर कधी नाव घेतलं नाही, पण लिहिताना घेते, आता रागावणार कोण? न्हावा शेवाच्या बंदरातून कंटेनर घेऊन जाणारा ट्रेलर ते चालवायचे. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. आमचा संसार म्हणजे त्यांचं जाणं आणि येणं. खेपेवरून परतले की ते दारातच थांबायचे. सासूबाईंनी मला शिकवून ठेवलं होतं, लांबून आलेल्या माणसाला तसाच घरात घ्यायचा नाही. भाकरीचा तुकडा आणि पाणी त्याच्यावरून ओवाळून बाहेर टाकायचं, पायांवर पाणी घालायचं, मग त्याने उंबरा ओलांडायचा. वर्गात मी अंधश्रद्धेवर तास घ्यायचे, पण हे कधी चुकवलं नाही. आणि उंबरा ओलांडताना ते दर वेळी म्हणायचे, "मंदा, एकदा तुला घेऊन जाईन." कधी नेलं नाही. मालकाच्या गाडीत बायकोला कोण बसू देतो?

ते रिटायर झाले आणि विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग शेजारपाजारची नावं. डॉक्टर सज्जन माणूस, त्यांनी उगाच आशा लावली नाही. म्हणाले, "घरातली माणसं शेवटी विसरली जातात. काही करायचं राहिलं असेल तर आता करून घ्या." माझं एकच राहिलं होतं. ते मला मंदा म्हणून ओळखतात तोवर त्यांच्याबरोबर त्या रस्त्यांवर एकदा जायचं.

अडचण एवढीच की परक्या खोलीत ते घाबरायचे. मुलीकडे पुण्याला गेलो तर भिंती चाचपडत दार शोधत राहिले आणि लहान पोरासारखे रडले. मग मी ठरवलं, खोली परकी असूच द्यायची नाही. आपली खोलीच बरोबर न्यायची.

कळंबोली

सलीमभाई ट्रकच्या बॉड्या बांधतात. त्यांच्या मते आजवर एवढ्या मजबूत बॉड्या कुणी बांधल्या नाहीत, आणि हे ते स्वतःच सांगतात. जुना पण दणकट इंजिनाचा ट्रक त्यांनीच बघून दिला. "भाभी, फिकर करू नका. अशी खोली बनवतो की इन्शाल्ला भूकंप आला तरी कप हलणार नाही." दारावर गरुड आणि छताला रंगीत दिवे त्यांना फार लावायचे होते. मी म्हटलं, भाई, आमच्या घराच्या भिंतीचा पिस्ता रंग द्या आणि गरुड दुसऱ्या कुणाच्या नशिबी घाला.

करणाऱ्यांनी आधी आरटीओत जाऊन काय चालतं, काय चालत नाही ते विचारून घ्यावं, वेल्डिंग नंतर. खोली चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, थेट वेल्ड करू नये. मध्ये जाड रबर घालून बोल्टने आवळावी, म्हणजे रस्त्याचे धक्के भिंतींपर्यंत पोचत नाहीत. पहिल्या दिवसाच्या प्रवासानंतर ते बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण ते सैल होतातच. पत्रा आणि प्लायवूडच्या मध्ये थर्माकोल घालायचा, नाहीतर दुपारी आत भाकरी भाजेल. खिडक्या समोरासमोर हव्यात. छताला किंचित उतार आणि प्रत्येक सांध्याला सीलंट. गॅसचा छोटा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, उभा, पट्ट्याने बांधलेला. त्या कप्प्याला तळाशी भोक, कारण गळलेला गॅस खाली बसतो. गाडी चालू असताना गॅस बंद म्हणजे बंद. दिव्यांसाठी वेगळी बॅटरी घ्यावी आणि तिच्याजवळच फ्यूज टाकावा. इंजिनाच्या बॅटरीवर पंखा लावला तर पंखा रात्रभर फिरतो, पण सकाळी गाडी जागची हलत नाही.

हे सगळं मी नीट केलं. चूक केली ती वेगळीच.

मी आमची खोली टेपने मापली. खाट डावीकडे, पायाशी खिडकी, खिळ्याला कॅलेंडर, कोनाड्यात एकवीरा आईचा फोटो, सगळं जिथल्या तिथे. राहिला ओटा. आमच्या स्वयंपाकघराला काळ्या कडप्प्याचा ओटा आहे. हिराजी रोज सकाळी त्या थंड दगडावर तळहात टेकून उभ्यानेच चहा प्यायचे. नावं गेली, रस्ते गेले, पण ती सवय गेली नव्हती. म्हणून मला गाडीतही कडप्पाच हवा होता. त्याखाली विटांऐवजी लोखंडी सांगाडा, शेजारी घरच्यासारखं पाण्याचं पिंप, तेही स्टीलचं आणि भरलेलं. हे सगळं आलं मागच्या चाकांच्याही मागे, कारण घरातही ओटा मागेच आहे.

धाकटे दीर बाळारामभावजी गाडी चालवणार होते. ते दगडाकडे बघून म्हणाले, "वयनी, ही गाडी हाय का देऊळ?" सलीमभाईंनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "एक पाटा जास्ती टाकू, बास." पाटे म्हणजे चाकांवर वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या. एक पट्टी वाढवली आणि सगळ्यांची समजूत पटली.

हर्णै

पहिली सकाळ हर्णैच्या किनाऱ्याजवळ उजाडली. हिराजी उठले, खाटेवरून उजवीकडे उतरले, पाच पावलांचं घर त्यांनी तीन पावलांत ओलांडलं, दगडावर हात टेकला आणि चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मंदा, साकर कमी पडली." मी तोंडाला पदर लावला. साखर मुद्दामच कमी घातली होती. असं वाटलं, जिंकलो.

वाटेत घाटात मसाल्याचा डबा उघडून अख्खी खोली हळदीने माखली होती. कप्प्यांना चुंबकाची दारं लावू नका, कडी लावा, कडीच. आम्ही तिघं हळद पुसत बसलो तेव्हा शेजारच्या घरातली काकी बघून गेली आणि दुपारी ओल्या बोंबलाचं कालवण घेऊन आली. नारळ वाटून लावलेला, वर तिरफळ. आमच्याकडे बोंबलाला चिंच आणि लसूण, नारळ लावला असता तर सासूबाईंनी ताट सारलं असतं. हिराजी मात्र दोनदा मागून जेवले. काकीने विचारलं, "हळद कशाला सांडलीत, लग्न आहे का?" भावजी म्हणाले, "हाय ना, दादा-वयनीचं, दुसऱ्यांदा." हिराजी हसले. ते हसू मी पुढे पुष्कळ दिवस पुरवून वापरलं.

दुसऱ्या सकाळी चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "माल कुठं खाली करायचाय?"

गाडी खाली करणं म्हणजे ड्रायव्हरच्या भाषेत माल उतरवणं. मी म्हटलं, अहो, माल कुठला, आपण फिरायला निघालोय. त्यांनी मान हलवली, पण मागच्या दाराची कडी दोनदा ओढून बघितली. मला ती थट्टा वाटली.

दाभोळची खाडी

दाभोळला खाडी ओलांडायला फेरीबोट आहे. बोटीत गाड्या चढतात, पलीकडे उतरतात, मोठा वळसा वाचतो. जेट्टीवर गाड्यांची रांग होती. रांग बघितली आणि हिराजी एकदम ताठ झाले. आयुष्याचा अर्धा वेळ त्यांनी बंदराच्या गेटवर रांगेत काढला होता. खाली उतरले, पँट वर ओढली आणि भावजींना इशारे करायला लागले. "आन दे... आन दे... डावी दाब... बास!" हाताचं एकेक बोट हलवत त्यांनी गाडी फेरीबोटीत अशी बसवली की बोटीवरचा माणूस म्हणाला, "काका, उद्यापासून कामाला या." मागच्या पुण्याच्या गाडीवाल्यालाही त्यांनीच आत घेतलं. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं शहाणं बघितलं नव्हतं.

बोट निघाली. आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो. ऊन कोवळं, पाणी शांत. मी त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. मनात म्हटलं, शेवटी घेऊन आलात हो मला. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "माजी बायको पन येनार व्हती. तिला ही खाडी दाखवायची व्हती मना."

मी विचारलं, "मग का नाही आल्या?"

"मास्तरीन हाय ती. शाळा सोडून कशी येल?" मग जरा थांबून म्हणाले, "वाट बगत असंल. माल खाली केला की घरी जायाचं."

खाडी लहान आहे. पलीकडचा किनारा आला, साखळ्या खडखडल्या, गाड्या सुरू झाल्या. मी गाडीत जाऊन बसले. जे वाचवायला मी घर चाकांवर चढवलं होतं, ते त्या बोटीत निसटलं. त्यांच्या डोळ्यांत प्रेम होतं, भरपूर होतं, पण ते कुठल्या तरी मंदासाठी होतं आणि ती मी नव्हते. तिचा मला मत्सर वाटला, हेही लिहून टाकते.

आंबा घाटाच्या पायथ्याशी

कोल्हापूरला जायचं होतं. तिथला तांबडा रस्सा हिराजी वर्णन करून करून सांगायचे. घाटाची चढण लागली आणि दुसऱ्याच वळणावर मागून बंदूक उडावी तसा आवाज झाला. गाडी एका बाजूला कलली. भावजी खाली वाकून आले आणि म्हणाले, "पाटा गेला, वयनी. दोन गेले."

कडप्पा, पिंप आणि माझा हट्ट, सगळं चाकांच्या मागे लटकत होतं. आता येणाऱ्या मुलांना मी पहिलं हेच सांगते. जड सामान खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवा. पाणी प्लास्टिकच्या बंद टाकीत, अगदी तळाशी, मधोमध. अर्धवट भरलेलं पाणी वळणावर गाडीला ढकलतं, म्हणून टाकी भरलेली ठेवा किंवा रिकामी. निघण्याआधी सगळं सामान भरून, माणसं बसवून, वजनकाट्यावर गाडी चढवा. घर जसंच्या तसं उचलून नेता येत नाही. मला वाटलं होतं येतं.

खालच्या साखरपा गावाहून मेकॅनिक येईपर्यंत आम्ही वळणावरच्या चहाच्या टपरीत बसलो. टपरी चालवणाऱ्या सुमनताईंनी न मागता गूळ आणि पाणी पुढे ठेवलं. आमच्याकडे आल्यागेल्याला आधी "जेवलाव का" विचारतात, इकडे आधी गूळपाणी देतात आणि मग विचारपूस. हिराजींनी गूळ तोंडात टाकला आणि गाडीच्या मागच्या दाराकडे पाठ होऊ न देता बसले.

"काकांना काय होतंय?" सुमनताईंनी हळू विचारलं.

"विसरतात."

"तुम्हाला ओळखतात ना?"

मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

मेकॅनिकने पाटे बदलले, पण दगड काढल्याशिवाय गाडी चढवायची नाही असं भावजींनी बजावलं. चौघांनी मिळून कडप्पा उतरवला. सुमनताईंनी तो टपरीच्या फळीवर चढवून घेतला आणि लगेच त्यावर किटली ठेवली. पिंपही त्यांनाच दिलं. हिराजी उभे राहून बघत होते. "अर्धाच माल खाली केलाव," ते म्हणाले. "बाकीचा?"

दुसऱ्या सकाळी चहा घेताना त्यांनी हात टेकला तो नुसत्या प्लायवूडवर. तळहात जरा सरकवला, आणखी जरा सरकवला, मग हात मागे घेतला आणि मला विचारलं, "कोनाची गाडी ही?" मी भावजींना म्हटलं, कोल्हापूर राहू दे. घरी चला.

परत पनवेल

परतीच्या रस्त्याचं काही सांगण्यासारखं नाही. किनाऱ्यावरून आलेल्या गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, नाहीतर खारं पाणी पत्रा खातं. गाद्या उन्हात टाकाव्या; आमच्या गादीखाली बुरशी धरली होती, कारण फळ्यांमध्ये फटी ठेवल्या नव्हत्या. गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढावी. हे सगळं मी घरी आल्या आल्या केलं, कारण करायला दुसरं काही सुचत नव्हतं. हिराजी गाडीतून उतरतच नव्हते.

"अहो, घर आलं," मी म्हटलं.

"दिसतंय ना. पन गाडी भरलेली हाय. भरलेली गाडी सोडायची नसते." हे त्यांनी मला नियम समजावून सांगावा तसं सांगितलं. आणि तो नियम होताच. माल खाली झाल्याशिवाय ते कधी गाडी सोडून गेले नाहीत, एकदा तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा.

मग ते तिथेच राहिले. घरापासून दहा पावलांवर. मी ताट घेऊन गाडीत जायचे, ते "लई उपकार, ताई" म्हणायचे. मुलगी पुण्याहून आली, समजावून थकली, रडून गेली. मी गाडीतच खाली चटईवर झोपायचे आणि खिडकीतून माझं स्वतःचं घर बघायचे, रात्रीपुरतं कुलूप घातलेलं. इतकी हताश मी आयुष्यात झाले नव्हते. ज्या खोलीने ते घाबरू नयेत म्हणून मी जिवाचं रान केलं, त्या खोलीने त्यांना घरातूनच उठवलं होतं.

शेवटी मी भावजींना बोलावलं. म्हटलं, गाडी खाली करू. सगळी. त्यांच्या देखत.

हिराजी चिकूखाली उभे राहून हाताने इशारे करत होते आणि आम्ही एकेक वस्तू बाहेर काढली. खाट, गादी, भांडी, शेगडी, कॅलेंडर, एकवीरा आईचा फोटो. मी मापून मापून लावलेला एकेक खिळा उपटला. सगळं रिकामं झाल्यावर ते आत चढले, चारही कोपऱ्यांतून हात फिरवला, बाहेर आले, दार लावून कडी दोनदा ओढून बघितली.

"झाली खाली," ते म्हणाले. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. चालत आमच्या दाराशी आले. मी घाईने कुलूप काढून दार सताड उघडलं आणि बाजूला झाले. ते उंबऱ्यापाशी थांबले.

"चल ना, दादा," भावजी म्हणाले.

ते हलेनात. उघड्या दारातून आत बघत हात जोडून उभे. भावजींनी दंड धरला तर हात झिडकारला. मला काही कळेना. घर तेच होतं, दार तेच होतं. आणि मग लख्ख कळलं. ते परत आले की घरात कुणीतरी असायचं. या वेळी आम्ही दोघंही गेलो होतो आणि दोघंही आलो होतो. ओवाळायला आत कुणीच नव्हतं.

मी घराला वळसा घालून, मागच्या दाराचं कुलूप काढून आत गेले. भाकर गाडीतून काढलेल्या भांड्यांतच होती, ती भावजींनी मागच्या खिडकीतून दिली. तांब्या भरला. डोक्यावरून पदर घेतला आणि आतून येऊन उंबऱ्यावर उभी राहिले.

हिराजींनी लगेच मान खाली घातली. मी भाकरीचा तुकडा त्यांच्यावरून ओवाळला, पाणी ओवाळलं, दोन्ही अंगणात टाकलं. त्यांनी उजवा पाय पुढे केला, मग डावा. मी पाणी घातलं. त्यांनी उंबरा ओलांडला, मी नेहमीच्या वाक्याची वाट बघितली. ते माझ्या बाजूने आत गेले, खुर्चीत बसले, आणि दमलेल्या समाधानाने म्हणाले, "ताई, मंदाला सांग, मी आयलो म्हनून."

"सांगते," मी म्हणाले.

आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. ओट्याच्या थंड दगडावर दोन्ही तळहात टेकले आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, "मंदा, ते आले गं."